गुडघ्यानंतरचा फुटबॉल

ग्लासगोत फुटबॉलवाल्यांच्या घोळक्यात बसून तुम्ही नुसतं 'गुडघा गेला' एवढं म्हणा, कुणीतरी क्रेग ब्राऊनचं नाव काढणारच. ही तिथली सांत्वनाची ठरलेली गोष्ट आहे. ब्राऊन अगदी कोवळ्या वयात रेंजर्ससारख्या बड्या क्लबात दाखल झाला. तिथे पहिल्या संघात काही वर्णी लागली नाही, म्हणून डंडी क्लबात गेला. १९६१-६२ साली डंडीने स्कॉटिश लीग जिंकली, त्या संघात तो होता. मग गुडघा बिघडला, ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली आणि तिशी गाठायच्या आत खेळ थांबला. पुढे हाच माणूस १९९३ पासून २००१ पर्यंत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर राहिला. १९९६ची युरो आणि १९९८चा वर्ल्ड कप, दोन्हीकडे त्याने संघ नेला. १९९८ला तर उद्घाटनाचाच सामना, तोही ब्राझीलशी. कॉलिन्सने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि नंतर टॉम बॉइडच्या अंगाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. २-१. त्यानंतर स्कॉटलंडच्या पुरुषांना पुन्हा वर्ल्ड कप गाठायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला, म्हणून ब्राऊनचं नाव तिथल्या लोकांच्या तोंडात इतकी वर्षं ताजं राहिलं.

एवढं सांगून सांगणारा तुमच्या पाठीवर थाप मारतो. मतलब असा, की गुडघा गेला म्हणून तर तो एवढा मोठा कोच झाला. मी ही गोष्ट फिजिओच्या वेटिंग रूममध्ये ऐकली, ऑफिसात ऐकली, एकदा टॅक्सीवाल्याकडून ऐकली. तेव्हा बरं वाटायचं. आता वाटतं, त्या गोष्टीतला मधला सगळ्यात महत्त्वाचा भाग लोक गाळून टाकतात. पण त्याकडे नंतर येतो, आधी माझा गुडघा.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठांमधल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, हे बाहेरच्या माणसाला नेहमी दोनदा सांगावं लागतं. कुस्तीची तालीम आणि फुटबॉलचा संघ एकाच नावाने चालतो, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी गावात दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलण्यात अर्थ नसतो. मी तिथे राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळायचो. फार मोठा खेळाडू होतो असं नाही, पण समोरच्या विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्याला, सुखाने जाऊ द्यायचो नाही. मास्टर्ससाठी ग्लासगोला आलो, नोकरी लागली, आणि रविवारच्या हौशी लीगमध्ये एका संघाला राइट बॅक हवाच होता.

कुणी टॅकल केलं नाही, कुणी धक्का दिला नाही. थ्रीजी पिच होतं, म्हणजे कृत्रिम गवत आणि खाली काळे रबराचे दाणे. विंगरने चेंडू आत घेतला म्हणून मी वळलो. बूट गवतात रुतून राहिला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. तो मलाच नाही, जवळ उभ्या असलेल्या लाइन्समनलाही ऐकू गेला.

विशेष म्हणजे पहिली काही मिनिटं फारसं दुखत नव्हतं. उभा राहिलो, चार पावलं चाललोसुद्धा. घरी जाईपर्यंत गुडघा इतका फुगला की पँट कापायची वेळ आली. रुग्णालयात एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. पण डॉक्टरांनी एक्स-रेपेक्षा दोन प्रश्नांना जास्त महत्त्व दिलं: आवाज आला का, आणि सूज किती वेळात आली? आवाज आला असेल आणि तासा-दोन तासांत सूज आली असेल, तर आत रक्त साठलेलं असतं आणि बहुतेक वेळा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, तुटलेलं असतं. मग त्यांनी गुडघा थोडा वाकवून माझी नडगी पुढे ओढून पाहिली. डावी जिथे अडली, तिथे उजवी अडली नाही. त्यांनी काही सांगायच्या आधी मला कळून चुकलं.

एमआरआयने शिक्कामोर्तब केलं. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं, शिवाय आतल्या बाजूचा मेनिस्कस फाटलेला. एसीएलचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मेनिस्कस म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडामध्ये बसलेली कुर्चेची चकती, तिचं नाव कुणाला माहीत नसतं. माझा खेळ शेवटी त्या चकतीनेच संपवला.

इथे सरकारी उपचारांना दारात पैसे मोजावे लागत नाहीत. व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरलेला असतो, आणि स्कॉटलंडमध्ये तर औषधाच्या चिठ्ठीलाही पैसे पडत नाहीत. पैसे पडत नाहीत तिथे वेळ पडतो. जिवावरचं दुखणं नसेल तर रांगेत थांबायचं, आणि हौशी राइट बॅकचा गुडघा हे काही जिवावरचं दुखणं नव्हे. पण फिजिओने ती वाट बघणं कामाला लावलं. ऑपरेशनच्या आधी गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, सूज उतरायला हवी आणि मांडीत ताकद हवी, नाहीतर ऑपरेशननंतर तो आखडतो. म्हणून तुटलेल्या लिगामेंटवरच महिनोन्महिने व्यायाम केले.

ऑपरेशनला सकाळी गेलो आणि संध्याकाळी घरी आलो. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढून, तिच्या घड्या घालून, हाडात बोगदे पाडून ती आत बसवतात. फाटलेल्या मेनिस्कसचा काही भाग शिवता येण्यासारखा नव्हता, तो कापून टाकला. आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं समजावून सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "मांडी घालून बसता येईल ना रे तुला?" मी तो प्रश्न पुढच्या भेटीत सर्जनना जसाच्या तसा विचारला. ते हसले नाहीत. गुडघा किती अंशांत वाकावा लागतो ते मला बसून दाखवायला सांगितलं, वहीत लिहून घेतलं, आणि फिजिओच्या उद्दिष्टांत ते घातलं. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून आदर आहे.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. यात काय अवघड, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी मांडीकडे बघत होतो, सगळा जोर लावत होतो आणि मांडी हलत नव्हती. दुखत होती म्हणून नव्हे, तिला हुकूमच पोचत नव्हता. सांध्यात सूज असली की शरीर आपणहून त्या स्नायूला गप्प बसवतं. फिजिओने चांगल्या पायाची मांडी आवळायला लावली, मग दोन्ही एकदम, मग माझ्याच हाताची बोटं गुडघ्याच्या वर ठेवून "इथे, इथे" असं म्हणायला लावलं. बऱ्याच दिवसांनी त्या बोटांखाली काहीतरी थरथरलं. शाहू स्टेडियमवर गोल मारून जेवढा ओरडलो नसेन तेवढा मी त्या खाटेवर ओरडलो. बर्फाच्या पिशवीऐवजी फ्रीजमधले गोठलेले मटार वापरायचे, हा शोधही तेव्हाच लागला. ते मटार नंतर कुणी खात नाही, पिशवीवर तसं मार्करने लिहून ठेवावं लागतं.

वेटिंग रूममध्ये एक आजोबा भेटायचे, गुडघा बदलून घेतलेले. ते रेंजर्सवाले होते, त्यामुळे त्यांच्या गप्पांत ब्राऊनबरोबर रेंजर्सचा इयन ड्युरंटही यायचा. १९८८च्या ऑक्टोबरात अबर्डीनच्या पिट्टोड्री मैदानावर एका टॅकलमध्ये ड्युरंटचा उजवा गुडघा उद्ध्वस्त झाला होता. तेव्हा तो नुकताच विशी ओलांडलेला, देशातला सगळ्यात चमकदार मिडफिल्डर. परतायला दोन वर्षांहून जास्त लागली, पण परतला. चॅम्पियन्स लीगमध्ये मार्सेयमध्ये जाऊन त्याने गोल मारला, आणि पुढे रेंजर्सच्या कोचिंगमध्येही आला. आजोबांना तो गोल तपशीलवार पाठ होता. "पण आधीचा ड्युरंट पुन्हा दिसला नाही," हे ते प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे आणि माझ्या गुडघ्याकडे बघायचे. असल्या माणसांना वेटिंग रूममध्ये बंदी असावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

दीड-दोन महिन्यांनी गुडघा छान वाटू लागतो, आणि धोका नेमका तिथे असतो. नवी बसवलेली कंडरा आधी मऊ पडते आणि मग हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते, त्यामुळे आपल्याला बरं वाटायला लागतं तेव्हा ती सगळ्यात कमजोर असते. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याची शक्यता बरीच वाढते, हे मला इतकं बजावून सांगितलं होतं की मी कॅलेंडरवर ती तारीख लाल करून ठेवली. नंतर एका पायावर उड्या मारायच्या चाचण्या. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के जायला हवी. गेली. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी परत राइट बॅकला उभा राहिलो.

लिगामेंटने शेवटपर्यंत दगा दिला नाही. पण सामना झाला की दुसऱ्या दिवशी गुडघा फुगायचा. दोन-तीन दिवसांनी उतरायचा, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कापून टाकलेल्या मेनिस्कसची जागा मोकळी होती आणि प्रत्येक धावेत तिथे हाडावरची कुर्चा झिजत होती. सर्जननी मला खेळू नकोस असं सांगितलं नाही. त्यांनी नवा एमआरआय पडद्यावर लावला, झिजलेली जागा दाखवली, आणि म्हणाले, खेळलास तर चाळिशीत हा गुडघा साठीचा असेल, निर्णय तुझा. पोहणं, सायकल, चालणं, सगळं चालेल. वळणं आणि उड्या कमी कर. फुटबॉलमधून वळणं आणि उड्या काढल्या तर उरतं काय?

मी थांबलो. रडलोबिडलो नाही. राग मात्र बरेच दिवस होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नसल्यामुळे घरात सगळ्यांवर निघायचा.

पेठेतल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "भावा, मग कोच हो की. खेळणं संपल्यावर आणि दुसरं काय करायचं असतंय?" ही समजूत आमच्याकडेही तीच, ग्लासगोतही तीच. कोचिंग म्हणजे खेळ संपलेल्यांची पेन्शन.

म्हणून मी ब्राऊनचं आयुष्य नीट बघितलं. गुडघा गेला तो साठच्या दशकात, राष्ट्रीय संघ हाती आला १९९३ला. मध्ये पाव शतक आहे! त्या काळात तो शाळेत शिकवत होता. प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला, मग प्राथमिक शिक्षण कसं द्यावं हे भावी शिक्षकांना कॉलेजात शिकवू लागला. फुटबॉल त्याच्याच जोडीला चालू होता. १९७४ला मदरवेल क्लबचा सहायक मॅनेजर, १९७७ला क्लाइड क्लबचा मॅनेजर, तोही अर्धवेळ. पहिल्याच हंगामात त्याने क्लाइडला सेकंड डिव्हिजन जिंकून दिली, आणि सोमवारी पुन्हा कामावर. १९८६ला त्याला राष्ट्रीय संघात सहायक म्हणून ज्याच्या हाताखाली घेतलं, तो अँडी रॉक्सबर्गसुद्धा मुळात शाळामास्तर. तेव्हा गुडघ्याने कोच घडवला ही गोष्ट मला पटत नाही. गुडघ्याने फक्त जागा रिकामी केली. कोच घडवला वर्गातल्या फळ्याने, सात-आठ वर्षांच्या मुलांपुढे रोज उभं राहून.

जॉक स्टीनचंही तसंच. लॅनार्कशरच्या कोळसा खाणीत काम केलेला माणूस, ग्लासगोच्याच सेल्टिक क्लबचा कप्तान. घोट्याच्या दुखापतीने १९५७ला खेळ सोडावा लागला आणि लंगडत चालणं जन्माचं मागे लागलं. क्लबने त्याला राखीव संघाची पोरं दिली. तिथे त्याने जवळपास तीन वर्षं काढली आणि मगच १९६०ला डन्फर्मलिन क्लबचा मॅनेजर झाला. त्या पोरांतला एक बिली मॅकनील. १९६७ला लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून सेल्टिकने युरोपियन कप जिंकला तेव्हा कप्तान तोच होता आणि मॅनेजर स्टीन. लोक लिस्बनपासून गोष्ट सुरू करतात. मला ती राखीव संघाच्या ओल्या मैदानावरची तीन वर्षं जास्त कामाची वाटतात.

मग मीही शिकायचं ठरवलं. घराजवळच्या मुलांच्या क्लबाला मदतनीस हवेच असतात, तिथे गेलो. चेंडूला पाय लावायच्या आधी फॉर्म. स्कॉटलंडमध्ये मुलांबरोबर काम करायचं तर पीव्हीजी योजनेत नाव असावं लागतं. तुमच्या नावावर काही गुन्हा आहे का, मुलांजवळ जायला तुम्हाला बंदी आहे का, हे सरकार तपासतं. त्यात गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते द्यायचे होते. कोल्हापूरचा आमचा पत्ता 'मारुतीच्या देवळामागे, गिरणीशेजारी' असा आहे. फॉर्मला घर क्रमांक आणि रस्ता हवा होता. क्लबातल्या ज्या बाई हे काम बघतात त्यांनी देऊळ कुठलं, गिरणी कसली, हे सगळं चौकशीने ऐकलं आणि शेवटी दोघांनी मिळून त्या रकान्यात बसेल असा पत्ता तयार केला. त्यानंतर बालसुरक्षेचा कोर्स, प्रथमोपचार, आणि मग स्कॉटिश एफएचे, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेचे, सुरुवातीचे कोचिंग कोर्स. त्यांच्या वर कोचिंगचे परवाने: सी लायसन्स, मग बी, ए आणि प्रो.

कोर्समध्ये आम्हीच आलटून पालटून मुलं व्हायचो आणि एकेकाने सराव घ्यायचा. एक जण व्यावसायिक फुटबॉल खेळून आलेला होता. त्याने चेंडू पायात घेऊन अर्धं वळून बाहेर पडायचं दाखवलं, आम्ही बघतच राहिलो. मग म्हणाला, "असं करा." कुणाला जमेना. त्याने परत दाखवलं, आणखी जोरात, आणखी सुंदर. तरी जमेना. तो वैतागला, कारण त्याला ते कधी शब्दांत सांगावं लागलेलंच नव्हतं. त्याच्यानंतर एक प्राथमिक शिक्षिका उभी राहिली. ती कधी संघात खेळली नव्हती. तिने प्लास्टिकचे चार शंकू मांडले, म्हणाली, चेंडू यायच्या आधी मागच्याच्या अंगात कोणत्या रंगाचं बिब, म्हणजे सरावाचं बिनबाह्यांचं जाकीट, आहे ते ओरडून सांगायचं. बस, एवढंच. पाच मिनिटांत आम्ही सगळे चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघत होतो, आणि मागे बघितलं की वळणं आपोआप जमत होतं. आमचे प्रशिक्षक बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभे होते. कोच किती वेळ बोलला आणि मुलं किती वेळ हलली, एवढंच ते मोजत होते. तिच्या बोलण्याचा आकडा सगळ्यांत कमी होता.

आमच्या पेठेत टचलाइनवरचा, म्हणजे मैदानाच्या कडेला उभा असलेला, माणूस सामना संपेपर्यंत ओरडत राहतो, आणि तो जितका घसा फोडतो तितका तो चांगला. मी त्याच मुशीतला. त्यामुळे गप्प राहणं मला इतरांपेक्षा जड गेलं, हे कबूल करायला हवं. शिवाय इथली मुलं कोचला नावाने हाक मारतात. नऊ वर्षांचा पोरगा माझ्या नावाने सरळ हाक मारून बुटाची नाडी बांधायला सांगतो. पहिल्यांदा कान गरम झाले होते. आता वाटतं, 'सर' म्हणणारा पोरगा इतक्या सहज कधी सांगत नाही की त्याला काही समजलं नाही.

काही नियम पेठेत सांगितले तर लोक हसतील. बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, शिकवायचं नाही, हा स्कॉटिश एफएचा २०२०चा नियम आहे. त्याच्या आदल्या वर्षी ग्लासगो विद्यापीठाचा अभ्यास आला होता: जुन्या व्यावसायिक खेळाडूंत मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साडेतीन पट. त्यानंतर कुणी फार वाद घातला नाही. लहान गटांत पॉइंट टेबलही नसतं. मुलांना स्कोअर अर्थातच तोंडपाठ असतो.

सी लायसन्सचं काम आता चालू आहे. वही ठेवावी लागते, प्रत्येक सराव का घेतला आणि काय झालं ते लिहावं लागतं. क्लाइड नदीच्या मुखाशी लार्ग्स नावाचं गाव आहे, तिथल्या क्रीडा केंद्रात स्कॉटिश एफएचे कोर्स वर्षानुवर्षं होत आले. पुढे नामांकित मॅनेजर झालेले दोन पोर्तुगीज तिथलेच: मोरिन्यो तिथे शिकून गेला, व्हियाश-बोआश तर सतराव्या वर्षी. दोघांनाही खेळाडू म्हणून कुणी ओळखत नव्हतं. आमच्यातल्या त्या माजी व्यावसायिकाला मी हे सांगितलं, त्याने मला चार शिव्या दिल्या. तो आता छान शिकवतो, एवढं सांगायला हवं. शिक्षिकेबरोबर एक हंगाम काढला त्याने.

माझ्याकडे नऊ वर्षांखालची मुलं-मुली आहेत, शनिवारी सकाळी, बहुतेक वेळा पावसात. गुडघ्याने मला कोचिंगमधलं काही शिकवलं नाही, पण एका गोष्टीचा हट्ट दिला. सराव सुरू व्हायच्या आधी एका पायावर उडी मारून गोठल्यासारखं थांबायचं, गुडघा आत झुकू द्यायचा नाही, मग वळून परत. फिफाने लहान मुलांसाठी असा वॉर्म-अप केला आहे, नियमित केला तर दुखापती खरंच कमी होतात. मुलींना तर मी जास्तच करायला लावतो, कारण वयात आल्यावर एसीएल तुटण्याचा धोका त्यांना मुलांच्या दुपटीहून अधिक असतो. मुलांना वाटतं तो पुतळा-पुतळा खेळ आहे, मीही त्यांना दुसरं काही सांगितलेलं नाही.

मागे एका वडिलांनी कुंपणापलीकडून विचारलं, हे लंगडी घालणं संपवून गोलवर शॉट मारायला कधी शिकवणार? म्हटलं, पुढच्या शनिवारी. शिकवलंही. लंगडी त्याच्या आधी होतीच.